वेलांटी आणि काना

‘शुक्रतारा’ हे युगुलगीत ऐकताना ध्रुवपदाकडे कान द्यावा. तो गातो तेव्हा ‘अशी’ येतं, ती गाते तेव्हा ‘असा’. वेलांटी जाते, काना येतो. मागणी मात्र तीच, जवळ राहण्याची. एवढ्याशा बदलावर मंगेश पाडगावकरांनी दोघांना एका पातळीवर आणून बसवलं. कुणी कुणाची आर्जवं करत नाही, कुणी कुणाची समजूत काढत नाही. मराठी युगुलगीताचं मर्म मला या एका अक्षरात सापडतं.

हे गाणं १९६२ सालचं. पाडगावकर वेंगुर्ल्याचे, संगीतकार श्रीनिवास खळे बडोद्यात वाढलेले, गायक अरुण दाते इंदूरचे आणि गायिका सुधा मल्होत्रा तर मराठी भाषिकही नाहीत. दाते शिक्षणाने कापडउद्योगातले इंजिनीअर. वडील रामूभैया दाते इंदूरचे नामांकित रसिक. त्यामुळे घरी मोठमोठ्या गायकांचा राबता आणि मुलाला गाण्याचे पहिले धडे कुमार गंधर्वांकडे. आकाशवाणीवर ते उर्दू गझला गात. इंदुरी वळणाचे आपले उच्चार मराठी भावगीताला शोभतील का, याची त्यांना धास्ती होती. खळेकाकांनी ती मानली नाही. गझल गाणाऱ्या गळ्याला शब्द हळुवार सोडायची सवय असते, आणि त्यांना नेमकं तेच हवं होतं.

कारण हे गाणं कुजबुजीचं आहे. संगीत नाटकाच्या जुन्या दिवसांत आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा, तर गळा मोकळा सोडावाच लागे. मायक्रोफोन आणि रेडिओ आल्यावर गायक श्रोत्याच्या कानाशी येऊन बसला. दोघांनी एकमेकांशी जे हळू बोलायचं, ते हळूच गाता येऊ लागलं.

पण दोघांनी एकत्र गायचं म्हणजे संगीतकाराची कसोटीच. पुरुषाचा गळा साधारण पेटीच्या काळी एकच्या आसपास खुलतो, बाईचा काळी चार-पाचला. मध्ये चार-पाच स्वरांची दरी. त्याच्या पट्टीत बांधावं तर तिचा आवाज खर्जात बुडतो. तिच्या पट्टीत बांधावं तर त्याला ताणून गावं लागतं. यावर उपाय दोन. एक म्हणजे षड्ज, आधाराचा ‘सा’, एकच ठेवायचा आणि चाल अशी बेतायची की त्याच्या ओळी खालच्या अंगाला राहतील, तिच्या वर चढतील. दुसरा, मधल्या वाद्यांच्या तुकड्यात षड्जच हलवायचा. व्हायोलिन-बासरीने तो बदल असा पेलायचा की ऐकणाऱ्याला सांधा जाणवू नये. गाणं चांगलं जमलं की ही सुतारकी दिसतच नाही. आपल्याला वाटतं, दोघं सहज बोलताहेत.

मराठीने या जोड्यांसाठी बाहेरचे गळेही मायेने जवळ केले. शान्ता शेळक्यांच्या शब्दांतलं, हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीतलं ‘मी डोलकर’ लता मंगेशकरांबरोबर गायले ते बंगाली हेमंतकुमार. ‘देव दीनाघरी धावला’ या नाटकासाठी वसंत देसाईंनी कुमार गंधर्वांसोबत उभ्या केल्या त्या तमिळ वाणी जयराम. ज्यांना आपण अस्सल मराठी म्हणून मिरवतो, त्या गाण्यांत असे आवाज आहेत, याचा मला अभिमान वाटतो. भाषा जन्माने मिळाली नसेल, तर ती अक्षर अक्षर तोलून गावी लागते. सुधाताईंचा तो ‘असा’ इतका स्वच्छ लागतो, त्यामागे हेही असेल.

पुढे दात्यांनी ‘शुक्रतारा’ याच नावाने कार्यक्रम केले, अडीच हजारांहून अधिक. रंगमंचावर सोबतच्या गायिका बदलत गेल्या. दाते २०१८च्या मे महिन्यात गेले. हे गाणं आजही मैफलीत हटकून होतं, नव्या गळ्यांतून. त्याचं ‘अशी’ म्हणून होतं आणि सभागृह थांबतं, तिच्या ‘असा’साठी.