दातांतील 'लाइटचे सिमेंट' : भरून घेण्यापूर्वी थोडे समजून घेऊ

आमच्या भागात दात भरण्याला अजूनही 'सिमेंट भरणे' असेच म्हणतात. त्यातच 'लाइटचे सिमेंट' हा शब्द आता चांगलाच रूढ झाला आहे. कोणी त्याला 'लेझरचे फिलिंग' म्हणतात, कोणी 'दाताच्या रंगाचे'. बँकेच्या खिडकीत बसणाऱ्याला नोटांबरोबर लोकांची दुखणीखुपणीही ऐकावी लागतात. आमचा अनुभव असा, की हा उपचार करून आलेल्यालाही आपल्या तोंडात नेमके काय भरले, हे सांगता येत नाही. आम्ही डॉक्टर नाही, कला शाखेचे पदवीधर आहोत. परंतु जाणकारांना विचारून व वाचून जे समजले ते समाजबांधवांपुढे व विशेषतः विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम 'कीड' या शब्दाविषयी. दाताला कीड लागते म्हणजे आत किडा वळवळत असतो, असे नव्हे. तोंडातील सूक्ष्म जंतू साखरेवर व पिष्टमय पदार्थांवर जगतात, त्यातून आम्ल तयार होते आणि त्या आम्लाने दातावरचे टणक कवच विरघळू लागते. भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातून 'किडे काढून दाखविणारे' पूर्वी गावोगाव फिरत. तो किडा दातातून आलेला नसतो. धुरीने घटकाभर बरे वाटले तरी खड्डा आहे तेथेच राहतो व वाढतो. 'दात काढला की नजर जाते' हा समजही तसाच निराधार आहे, पण त्या भीतीने किती माणसे दवाखान्याची पायरी चढत नाहीत! खड्डा लहान असतानाच भरला तर दात काढण्याची वेळच येत नाही, हे मात्र कोणी सांगत नाही.

आता त्या लाइटकडे वळू. तो लेझर नव्हे, साधा निळा प्रकाश होय. दातात जे भरतात त्याला 'कंपोझिट' म्हणतात. त्यात एक चिकट राळेसारखे द्रव्य आणि काचेची अथवा गारेची अतिशय बारीक पूड असते. अमेरिकेतील डॉ. रफाएल बोवेन यांनी या राळेचे पेटंट १९६२ मध्ये मिळविले. त्यापूर्वी १९५५ मध्ये मायकेल ब्युनोकोर यांनी दाखवून दिले होते, की दाताचे कवच सौम्य आम्लाने किंचित खरखरीत केले तर राळ त्याला घट्ट धरून बसते. भिंतीला गिलावा करण्यापूर्वी गवंडी टाचे मारतो, तसाच हा प्रकार. या दोन शोधांवर आजचे फिलिंग उभे आहे. आरंभी राळ घट्ट करण्यासाठी अतिनील किरण वापरीत. ते खोलवर पोचत नसत व डोळ्यांनाही अपायकारक. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात दृश्य निळा प्रकाश आला आणि नव्वदच्या दशकानंतर बॅटरीवर चालणारे एल.ई.डी. दिवे आले.

निळाच प्रकाश का, असा प्रश्न विद्यार्थ्यांना पडेल. राळेत कापराच्या कुळातील 'कॅम्फरक्विनोन' नावाचे पिवळे द्रव्य अल्प प्रमाणात मिसळलेले असते. ते सुमारे ४७० नॅनोमीटर लांबीच्या लहरी, म्हणजे निळा प्रकाश, शोषून घेते. त्या उर्जेने राळेचे सुटे रेणू एकमेकांत गुंफले जाऊन लांब साखळ्या बनतात आणि लोण्यासारखा मऊ गोळा काही सेकंदांत दगडासारखा होतो. देवापुढे जळणाऱ्या कापराचे हे भावंड दवाखान्यात असे उपयोगी पडावे, याची आम्हांस मोठी गंमत वाटली.

यात मेख आहे ती येथे. प्रकाश फार खोल जात नाही. म्हणून नेहमीचे कंपोझिट सुमारे २ मिलिमीटरच्या थराने भरावे लागते व प्रत्येक थरावर साधारण १० ते ४० सेकंद, दिव्याच्या ताकदीप्रमाणे, प्रकाश द्यावा लागतो. जाड थरासाठी बनविलेली काही नवी द्रव्ये ४ मिलिमीटरपर्यंत चालतात. दिवा जुना झाला असेल, त्याच्या टोकाला वाळलेली राळ चिकटली असेल, अथवा तो दातापासून दूर धरला असेल, तर वरचा भाग कडक होतो आणि तळ मात्र कच्चा राहतो. वरून पाहणाऱ्याला फरक कळत नाही. त्यातच घट्ट होताना हे द्रव्य आकाराने दोन ते पाच टक्के आकसते. थर नीट दिले नाहीत तर कडेला केसाएवढी फट पडते, तिच्यातून जंतू शिरतात आणि भरलेल्या दाताखालीच पुन्हा कीड लागते. दोन-तीन वर्षांत 'सिमेंट निघाले' म्हणून तक्रार येते, तेव्हा दोष द्रव्याचाच असतो असे नाही. घाईचाही असू शकतो.

दुसरा शत्रू लाळ. आम्ल लावून धुतल्यानंतर दात कोरडा राहिला पाहिजे. थुंकीचा थेंब लागला तरी चिकटण्याची ताकद कमी होते. डॉक्टर कापसाच्या गुंडाळ्या किंवा रबराचा पातळ पडदा लावतात, वारंवार 'तोंड मिटू नका' म्हणतात, ते यासाठी. अशा वेळी मध्येच उठून चूळ भरण्याची सवय आवरावी. निळ्या दिव्याकडे टक लावून पाहू नये; डोळे मिटावेत, अथवा नारिंगी चष्मा दिला तर लावावा. सोबत आलेल्या नातेवाइकांनीही वाकून पाहू नये.

बसण्यापूर्वी काही गोष्टी विचारण्यास संकोच करू नये. खड्डा किती खोल आहे? नसेपर्यंत पोचला आहे का? थंड पाण्याने क्षणभर ठणकते आणि थांबते, तोवर भरून भागण्याची आशा असते. रात्री आपोआप ठणका लागत असेल, गरम चहाने कळ येऊन टिकत असेल, तर बहुधा नस बिघडलेली असते व रूट कॅनालची गरज पडते. अशा दातावर नुसते सिमेंट भरणे म्हणजे पोत्यात भुंगा शिरला असताना वरून तोंड शिवणे. खर्च प्रत्येक दाताचा वेगळा असतो, तोही आधीच विचारावा. भीड कसली? आपण मुदत ठेव ठेवताना व्याजाचा दर विचारतोच ना!

'चांदी भरलेली चांगली की हे?' असा प्रश्न हमखास निघतो. चांदीचे सिमेंट म्हणजे अमाल्गम. त्यात जवळजवळ निम्मा पारा असतो. दाढेत ते वर्षानुवर्षे टिकते, ओलाव्याची फारशी पर्वा करीत नाही व स्वस्तही पडते. परंतु पाऱ्याने होणाऱ्या प्रदूषणामुळे जग त्यापासून दूर चालले आहे. त्यासंबंधीच्या मिनामाता करारास भारताने २०१८ मध्ये मान्यता दिली, आणि युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून अमाल्गमचा वापर, अपवाद वगळता, बंद केला. ज्यांच्या तोंडात जुनी चांदी शाबूत आहे त्यांनी मात्र केवळ भीतीपोटी ती उकरून काढू नये. उकरतानाच पाऱ्याची वाफ अधिक निघते.

लाइटचे फिलिंग दिव्याखालीच घट्ट होत असल्याने त्यानंतर तासन्‌तास उपाशी राहण्याचे कारण नाही. भुलीचे इंजेक्शन दिले असेल तर मात्र बधिरपणा जाईपर्यंत खाऊ नये. लहान मुले नकळत ओठ-गाल चावून जखमा करून घेतात. पहिले काही दिवस थंड-गरम थोडे लागते, ते हळूहळू कमी व्हावे. दात मिटताना तो दात आधी टेकतो असे वाटले तर 'सवय होईल' म्हणून थांबू नये. बधिर तोंडाने चावण्याचा अंदाज चुकतो. दुसऱ्या दिवशी परत जाऊन तो उंचवटा घासून घ्यावा, पाच मिनिटांचे काम असते.

रंगाबाबत आमच्या सातारा-सांगलीकडच्या लोकांनी अधिकच लक्ष द्यावे. कंपोझिटवर हळदीचा, चहाचा व तंबाखूचा डाग चढतो. हळदीची पेठ तर आपल्या शेजारी सांगलीतच आहे! हळद जेवणातून वगळावी असे कोणी म्हणणार नाही, खाऊन झाल्यावर चूळ भरली तरी पुष्कळ. मशेरीची गोष्ट वेगळी. आमच्या आया-बहिणी ती दात स्वच्छ होतात म्हणून लावतात. प्रत्यक्षात ती भाजलेली तंबाखू आहे. तिने हिरड्या खराब होतात, तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. समोरचा दात हौसेने भरून घ्यायचा आणि सकाळ-संध्याकाळ त्याच बोटाने मशेरी चोळायची, हा खर्च पाण्यात घालण्याचाच प्रकार. फ्लोराइडयुक्त पेस्टने दोनदा घासणे, त्यातही रात्री झोपण्यापूर्वी, हे मशेरीच्या डबीपेक्षा महाग पडत नाही.

पैशांची अडचण असेल त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगणे जरूर आहे. आपल्या मलकापुरातच कृष्णा विद्यापीठाच्या आवारात दंत महाविद्यालय आहे. दंत महाविद्यालयांत विद्यार्थी अध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार करतात. वेळ जास्त लागतो, एका दातासाठी अर्धा दिवस मोडू शकतो. पण खर्च सामान्यतः खासगी दवाखान्यापेक्षा कमी येतो आणि शिकणारा मुलगा थर मोजूनमापून देतो, कारण मागे सर उभे असतात. जाताना पूर्वीची कागदपत्रे, एक्स-रे व चालू गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्यावी. मधुमेह, रक्त पातळ करणारी गोळी, कशाची ॲलर्जी किंवा गरोदरपण असेल तर खुर्चीत बसण्यापूर्वीच सांगावे, आणि पुढची तारीख कागदावर लिहून घ्यावी.