ओसाकाचे लांडगे रियाधच्या दारी

24 एप्रिल 2025 रोजी ‘फेटल फ्युरी: सिटी ऑफ द वूल्व्ज’ बाजारात आला, तेव्हा मालिकेचा मागचा भाग येऊन 25 वर्षं उलटून गेली होती. तो मागचा भाग म्हणजे 1999 चा ‘गारो: मार्क ऑफ द वूल्व्ज’. पार्लरमध्ये तो खेळलेली पोरं आता चाळिशीच्या आसपास आहेत. पुढचा भाग येणार येणार असं चाललेलं असतानाच, 2001 मध्ये, तो बनवणारी ओसाकाची एसएनके कंपनी दिवाळखोरीत निघाली आणि लांडग्यांची गोष्ट अर्ध्यावरच राहिली. पुढे ती पूर्ण करायला घेतली ओसाकाच्याच माणसांनी, पण पैसा आला रियाधहून. सौदी युवराज मोहम्मद बिन सलमान यांच्या मिस्क प्रतिष्ठानाच्या कंपनीने आधी एसएनकेचा 33.3 टक्के हिस्सा घेतला आणि 2022 मध्ये तो 96 टक्क्यांच्या वर नेला.

वाळवंटातल्या राजघराण्याला जपानी मारामारीच्या गेमचं इतकं वेड कुठून लागलं? याचं उत्तर शोधायचं तर यंत्रापासून सुरुवात करावी लागते. एसएनके 1978 मध्ये एकिची कावासाकी यांनी काढली. 1990 मध्ये तिने पार्लरवाल्यांसाठी निओ जिओ एमव्हीएस आणलं. तोवर नवा गेम लावायचा म्हणजे बहुधा आतला अख्खा बोर्ड बदलायचा, आणि ते छोट्या दुकानदाराच्या आवाक्याबाहेरचं काम. एमव्हीएसमध्ये फक्त कॅसेट बदलली की झालं. काही मॉडेल्समध्ये एकाच कपाटात सहा-सहा कॅसेट बसायच्या. याच यंत्राचा घरी लावायचा अवतार अमेरिकेत साडेसहाशे डॉलरला होता आणि एकेक कॅसेट दोनशे डॉलरच्या पुढे. त्यामुळे एसएनकेचा गेम बंगल्यात फारसा गेलाच नाही, तो रस्त्यावरच राहिला. चीन, मेक्सिको, ब्राझील, आखात आणि आपल्याकडचे एसटी स्टँडजवळचे, उकाड्याने भरलेले पार्लर, हीच त्याची खरी वस्ती. एका मशीनवर प्रतिस्पर्धी कॅपकॉमचा ‘मुस्तफा’, शेजारच्या मशीनवर एसएनकेचा ‘किंग ऑफ फायटर्स 97’, आणि मागे कॉइन मुठीत धरून उभी राहिलेली रांग.

‘किंग ऑफ फायटर्स’मध्ये तीन विरुद्ध तीन अशी लढत असते. एक पडला की दुसरा येतो, जिंकलेल्याला थोडंसं लाइफ परत मिळतं आणि तो पुढच्याला तोंड देतो. पहिला कुणाला पाठवायचा आणि हुकमी एक्का शेवटी ठेवायचा की नाही, याचा विचार लढत सुरू होण्याआधीच करायचा असतो. इओरी यागामी सगळ्यांनाच हवा असायचा. तो शेवटी ठेवणारा पोरगा शांत डोक्याचा, हे रांगेतल्या सगळ्यांना ठाऊक असे.

मात्र माझ्या मते एसएनकेच्या कारागिरीचा कळस ‘किंग’ नव्हे, ‘गारो’ आहे. इतक्या वर्षांनी तो पुन्हा खेळायला घेतला आणि हे मत अधिकच घट्ट झालं. त्यातला ‘जस्ट डिफेन्ड’ बघा. समोरच्याचा ठोसा येत असताना जॉयस्टिक मागे धरून ठेवली तर साधा बचाव होतो. पण तोच ठोसा अंगाला लागायच्या अगदी ऐन क्षणी मागे ओढली तर मार वाचतोच, वर किंचित लाइफही परत मिळतं आणि उलटा वार करायला फट सापडते. क्षणभर आधी ओढली तर नुसता बचाव, क्षणभर उशीर झाला तर तोंडावर ठोसा. घाबरणारा खेळाडू आधी ओढतो. ज्याने समोरच्याचा हात ओळखलाय तोच थांबू शकतो. शिवाय लढतीआधी आपल्या लाइफच्या पट्टीचा एक भाग निवडायचा, सुरुवातीचा, मधला किंवा शेवटचा. पट्टी त्या भागात असेपर्यंत वारांना जोर चढतो. शेवटचा भाग निवडणारा हरता हरता भडकतो, पहिला निवडणारा आल्या आल्या तुटून पडतो. माणसाचा स्वभाव एका निवडीत उघडा पाडणारं असं डिझाइन फार कमी गेममध्ये आहे.

गोष्टही तशीच. टेरी बोगार्डच्या पालक पित्याला गीझ हॉवर्डने मारलं, टेरीने त्याचा सूड घेतला आणि नंतर त्याच गीझच्या पोराला, रॉकला, वाढवलं. ‘गारो’त रॉक तरुण झालाय. त्याच्या हातात बापाचा रेप्पुकेन हा वारही आहे आणि टेरीचा रायझिंग टॅकलही. कुठलाही संवाद न वाचता, केवळ बटणं दाबता दाबता, या पोराचं दोन घरांमध्ये विभागलेलं आयुष्य कळतं. हाताने एकेक चित्र काढून हलवलेली ती माणसं आजही जिवंत वाटतात.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. कॅपकॉममध्ये पहिला ‘स्ट्रीट फायटर’ बनवणारे ताकाशी निशियामाच पुढे एसएनकेत आले आणि 1991 चा ‘फेटल फ्युरी’ त्यांनी घडवला. दोन घराण्यांचं वैर म्हणून ज्यावरून आम्ही पार्लरमध्ये भांडलो, ते मुळात एकाच माणसाच्या डोक्यातून निघालं होतं.

आता सौदीकडे. मोहम्मद बिन सलमान यांचा जन्म 1985 चा, म्हणजे ते याच पिढीचे. सौदीत सिनेमागृहं 2018 पर्यंत बंद होती. तिथल्या पोरांची करमणूक टीव्हीवर अरबीत भाषांतरित झालेल्या जपानी कार्टूनवर आणि गेमवर चालली. ‘ग्रेंडायझर’ या यंत्रमानवाचं वेड तर असं की 2022 मध्ये रियाधमध्ये त्याचा 33.7 मीटरचा पुतळा उभा राहिला. खेळाडूही घडले. 2011 मध्ये अमेरिकेतल्या इव्हो स्पर्धेत ‘स्ट्रीट फायटर’च्या अंतिम लढतीत जपानच्या फुदोसमोर सौदीचा लतीफ उभा होता. तो हरला, पण त्या वेळी कुठलीही सरकारी योजना नव्हती, कुठला कोट्यवधींचा निधी नव्हता. ते वेड पैशाच्या आधीचं आहे, हे विसरून चालणार नाही.

मग 2018 च्या एप्रिलमध्ये ‘किंग ऑफ फायटर्स 14’ मध्ये नज्द आली. मिस्कच्याच मांगा प्रॉडक्शन्सच्या स्पर्धेतून मशाएल अल-बर्राक या सौदी तरुणीने रेखाटलेली, काळा अबाया घातलेली लढवय्यी. नज्द म्हणजे रियाध जिथे वसलंय तो मधला पठारी प्रदेश. त्याच महिन्यात रियाधमध्ये सिनेमागृह उघडलं आणि जूनमध्ये बायकांना गाडी चालवायची परवानगी मिळाली. मला ही नज्द मनापासून आवडते. एका तरुणीने स्पर्धेसाठी काढलेलं चित्र ओसाकाच्या लोकांनी हलतं-बोलतं केलं, यापेक्षा सुंदर देवाणघेवाण मला माहीत नाही.

पण त्याच वर्षी, ऑक्टोबरमध्ये, इस्तंबूलच्या सौदी वकिलातीत पत्रकार जमाल खशोगी यांचा खून झाला. युवराजांनी त्या कारवाईला मंजुरी दिली होती, असा निष्कर्ष अमेरिकी गुप्तचरांच्या 2021 मध्ये उघड झालेल्या अहवालात आहे. युवराज तो नाकारतात. एसएनके घेणारा पैसा त्याच दरबाराचा. त्यामुळे सौदी पैशावरच्या स्पर्धांकडे पाठ फिरवणारे खेळाडू आहेत, आणि त्यांना अतिसंवेदनशील म्हणणं मला पटत नाही. कुणी गेम आणि राजकारण हे दोन्ही विषय वेगळे ठेवायला सांगितलं तर मी ठेवणार नाही.

नव्या गेममध्ये रियाधचा हात सर्वांत उघड दिसतो तो क्रिस्तियानो रोनाल्डोच्या रूपात. अल-नस्र या रियाधच्या क्लबचा फुटबॉलपटू मालिकेतल्या साउथ टाउन शहराच्या गल्लीत लढायला उतरतो. मला तो तिथला वाटत नाही. ज्या गेममध्ये एकेका वाराला मागची गोष्ट आहे, तिथे हा जाहिरातीच्या फलकावरून खाली उतरलेला माणूस आहे. पण त्याला बाजूला ठेवून रॉक निवडा. निर्माते यासुयुकी ओदा जुन्या एसएनकेचे. मधली वर्षं बाहेर काढून 2014 मध्ये ते परतले. त्यांनी लाइफच्या पट्टीचा तो भाग निवडणं ठेवलं, ऐन क्षणीचा बचाव ठेवला आणि त्यावर अति आक्रमण केलं तर तापून बंद पडणारी रेव्ह पट्टी घातली. हाताला ‘गारो’ची सवय असेल तर काही तासांत बोटं पुन्हा रुळतात.

रियाधच्या ईस्पोर्ट्स वर्ल्ड कपमध्ये 2025 साली हा गेमही होता. त्याच्या आदल्या वर्षी तिथला ‘स्ट्रीट फायटर 6’ चा किताब शाओहाय या चिनी खेळाडूने जिंकला. तो लहानाचा मोठा झाला तो चीनमधल्या पार्लरमध्ये, ‘किंग ऑफ फायटर्स’च्या मशीनसमोर.