शास्त्रांतील दोन शब्द : पश्चात्ताप व तारण

आमच्या शाळेंत दररोज सकाळीं तास सुरू होण्यापूर्वीं पवित्र शास्त्रांतील एक उतारा वाचला जातो. मुलें हात जोडून शांत उभीं राहतात, वाचन संपतें, आणि सर्व आपापल्या वर्गाकडे वळतात. मागें एकदां वरच्या वर्गांतील मुलांस आम्ही सहज विचारिलें, "आजच्या उताऱ्यांत पश्चात्ताप हा शब्द आला. त्याचा अर्थ काय?" एकानें उत्तर दिलें, "चूक झाल्यावर रडणें." "आणि तारण म्हणजे?" असें विचारतांच एका शेतकऱ्याचा मुलगा चटकन् उठून म्हणाला, "कर्जासाठीं जमीन लिहून देतात तें." वर्गांत हंशा झाला. तास संपल्यावर तो मुलगा आमच्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "आमची जमीन अजून सुटली नाहीं."

शास्त्र मराठींत आलें म्हणून तें आपोआप कळतें, असें नाहीं, हें आम्हांस त्या दिवशीं जाणवलें. म्हणून ह्या दोन शब्दांचा विचार विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

शास्त्र आपल्या भाषेंत येण्यासाठीं अनेकांनीं देह झिजविला. बंगालमधील श्रीरामपूर येथें विल्यम केरी ह्यांच्या खटपटीनें १८११ सालीं मराठी नवा करार छापला गेला. पुढें १८१३ सालीं मुंबईस आलेले अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल व त्यांचे सहकारी ह्यांनीं हें काम नव्यानें हातीं घेतलें. त्यांचा नवा करार १८२६ सालीं पुरा झाला, आणि त्याच सालीं हॉलसाहेब पटकीनें वारले.

परंतु आमच्या विषयाशीं सर्वांत जवळचें भाषांतर पंडिता रमाबाईंचें होय. रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. संस्कृत त्यांना आईकडून मिळालें, आणि आईबापांबरोबर तीर्थोतीर्थीं हिंडून पुराणें सांगण्यांत त्यांचें बाळपण गेलें. शब्दांची श्रीमंती त्यांच्यापाशीं कमी नव्हती. तरी केडगांवच्या मुक्ति मिशनांत दुष्काळांतून वांचविलेल्या ज्या शेंकडों स्त्रिया व मुली त्यांच्याभोंवतीं होत्या, त्यांना कळेल अशी भाषा त्यांना हवी होती. म्हणून त्या हिब्रू व ग्रीक ह्या मूळ भाषा शिकल्या व संपूर्ण शास्त्र सोप्या मराठींत उतरविण्यास बसल्या. छापण्याचें काम मुक्तीमधल्याच स्त्रियांनीं केलें. १९२१ सालीं त्यांची एकुलती एक कन्या मनोरमाबाई वारली, तरी लेखणी थांबली नाहीं. ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाई स्वतः वारल्या, व १९२४ सालीं तो ग्रंथ प्रसिद्ध झाला. एवढे श्रम कशासाठीं? वाचणाऱ्या बाईनें शब्द नुसता उच्चारूं नये, तर तो तिच्या मनास भिडावा, ह्यासाठीं.

आतां पहिला शब्द घेऊं. पश्चात्ताप म्हणजे पश्चात्, अर्थात् मागाहून, होणारा ताप. नव्या करारांत ह्या ठिकाणीं जो ग्रीक शब्द आहे तो 'मेतानोइया'; त्याचा अर्थ मनाचा पालट. जुन्या करारांतील संदेष्टे 'शूब' हें हिब्रू क्रियापद वापरतात; त्याचा अर्थ मागें फिरणें. वाट चुकलेल्या वाटसरूस चूक कळली म्हणजे तो नुसता रडत बसत नाहीं, पाऊल वळवितो. मराठी शब्दांत ताप पुढें दिसतो, मूळ शब्दांत पालट. ताप नको असें नाहीं. पण जो तापावरच थांबला तो अर्ध्या वाटेंत थांबला.

ह्याचें उदाहरण शास्त्रांतच आहे. यहूदानें तीस रुपयांसाठीं प्रभु येशूस धरून दिलें, व पेत्रानें त्याच रात्रीं प्रभूस तीनदां नाकारिलें. दोघांसही ताप झाला. यहूदानें रुपये परत नेऊन टाकिले, पण तो प्रभूकडे वळला नाहीं, आणि त्याचा अंत निराशेंत झाला. त्याच्या पस्तावण्यासाठीं मत्तयानें 'मेतानोइया' हा शब्द न योजितां दुसराच शब्द योजिला आहे. पेत्र मात्र रडला आणि तरीही शिष्यांत राहिला. पुढें समुद्रकांठीं प्रभूनें त्याला तीनदां प्रीतीविषयीं विचारिलें व आपलीं मेंढरें त्याच्या हवालीं केलीं.

परीक्षेंत शेजाऱ्याचें पाहून लिहिणारा मुलगा सांपडला म्हणजे रडतो. तें रडणें शिक्षेच्या भीतीचेंही असूं शकेल. पुढच्या परीक्षेंत तो काय करितो, ह्यावरून त्याचा पश्चात्ताप ओळखावा. पालकांस एवढीच विनंती, कीं मुलानें खरें कबूल केल्यावर त्याची चूक दहा जणांत पुनः पुनः काढूं नये. मागें फिरणाऱ्यास घराचें दार उघडें दिसलें पाहिजे.

दुसरा शब्द तारण. आमच्या त्या विद्यार्थ्यानें सांगितलेला अर्थ व्यवहारांतला खरा अर्थ आहे. कर्ज देणाराचा पैसा बुडूं नये म्हणून जी वस्तु अडकवून ठेवितात ती तारण. शास्त्रांतलें तारण ह्याच्या उलट आहे. तेथें पैसा नव्हे, तर बुडणारा मनुष्य तारावयाचा असतो. ग्रीक शब्दाचा अर्थही सोडविणें, वांचविणें असाच आहे. बारा वर्षें आजारी असलेल्या स्त्रीला प्रभूनें बरें केलें, तेथेंही मूळांत तेंच क्रियापद आहे. तेव्हां तारण हें केवळ मरणानंतरचें नव्हे. शरीर, मन व घर ह्यांशीं त्याचा संबंध आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानांतील प्रभूच्या प्रार्थनेंतही पापास ऋण म्हटलें आहे, आणि आमचें ऋण सोड असें मागतांना आम्हीही आमच्या ऋणकऱ्यांस सोडिलें आहे, अशी त्यांत कबुली आहे.

हे दोन्ही शब्द एकत्र पाहावयाचे असतील तर लूकाच्या एकोणिसाव्या अध्यायांतील जक्कयाची गोष्ट वाचावी. तो मुख्य जकातदार, श्रीमंत, व लोकांच्या मनांतून उतरलेला. प्रभु त्याच्या घरीं उतरला, तेव्हां जक्कय रडल्याचें लूक लिहीत नाहीं. अर्धी मालमत्ता गरिबांस देतों, व कोणाचें अन्यायानें घेतलें असल्यास चौपट परत करितों, असें तो उभा राहून म्हणाला. त्यावर, आज ह्या घरास तारण प्राप्त झालें, असें प्रभूनें सांगितलें. मन पालटलें त्याच दिवशीं हिशेबाची वहीही पालटली.

त्या मुलास आम्ही काय सांगावें, हा प्रश्न आमच्यापुढें अद्याप आहे. शास्त्रवाचनानें त्याच्या बापाचें कर्ज फिटत नाहीं, आणि तें फिटतें असें सांगणें खोटेपणाचें होईल. परंतु त्या वर्गांत बसलेल्यांपैकीं कोणी उद्यां पेढीवर बसेल, कोणी कचेरींत कागद करील, कोणी जमीन लिहून घेणारा होईल. तारण हा शब्द प्रार्थनेंत व कागदांत दोन्हीकडे आहे, ही आठवण त्यांनीं त्या वेळीं ठेविली, आणि अडलेल्या मनुष्याचें शेत गिळण्याऐवजीं त्याला सोडविण्याची वाट शोधिली, तर सकाळचें तें वाचन व्यर्थ गेलें नाहीं असें आम्ही समजूं. ज्या मुलांस त्या दिवशीं हसूं आलें, त्यांनीं ह्याचा विचार अवश्य करावा.