चिमण्यांसाठी दाणापात्र
चिमणी आणि मुनिया हे दाणे टिपणारे पक्षी. त्यांच्यासाठी बाजरी, राळा किंवा तांदळाची कणी ठेवावी. फरसाण, खारे शेंगदाणे कधीच नकोत. उघड्या ताटलीवर कबुतरांचीच झुंबड उडते आणि त्यांच्या सुकलेल्या विष्ठेची धूळ माणसाच्या फुप्फुसांना अपाय करते. म्हणून लहान भोकांचे, आखूड दांडीचे, नळीसारखे उभे पात्र उत्तम. ते मांजराची झेप पोहोचणार नाही इतक्या उंचीवर टांगावे. मात्र जवळपास झुडूप असावे, कारण शिक्रा आला तर लपायला आडोसा लागतो. पावसाळ्यात ओल्या दाण्यांना बुरशी धरते, तेव्हा पात्र वरचेवर धुऊन पूर्ण वाळवावे. शेजारी मातीच्या उथळ थाळीत रोज ताजे पाणी हवेच. चिमण्या पिलांना किडे-अळ्या भरवतात; त्यामुळे बागेत कीटकनाशक फवारू नये.