सागवानी होडीचे परिरक्षण : दिघी किनाऱ्याच्या संदर्भात

प्रस्तावना :
दिघी हे रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यातील, राजपुरी खाडीवरील बंदर होय. खाऱ्या पाण्यातील लाकडी होडीला वादळाइतकाच धोका जहाजकृमीचा असतो. नावाने कृमी असला तरी तो शिंपल्याच्या कुळातील मृदुकाय प्राणी आहे. त्याचे सूक्ष्म डिंभ बारीक छिद्रातून फळीत शिरतात व आतच वाढतात. त्यामुळे वरून धड दिसणारी फळी आतून पोकळ झालेली असते. होडी हेच ज्या कुटुंबाचे भांडवल, त्याच्यासाठी ही बाब गंभीर ठरते.

लाकडाची रचना :
सागाच्या खोडात बाहेरचे फिकट रसकाष्ठ व आतील गडद मध्यकाष्ठ असे दोन भाग असतात. मध्यकाष्ठातील नैसर्गिक द्रव्ये वाळवी व बुरशी यांना रोखतात; रसकाष्ठात ती नसल्यासारखीच असतात. उलट, मध्यकाष्ठाच्या वाहिन्या बुजलेल्या असल्याने परिरक्षक द्रव्य त्यात फारसे शिरत नाही. रसकाष्ठ मात्र ते सहज शोषून घेते. कोवळ्या लागवडीच्या सागात रसकाष्ठाचे प्रमाण अधिक असते. म्हणून 'साग आहे' एवढ्यावर विसंबणे योग्य नव्हे.

परिरक्षणाच्या पद्धती :
तेल वा डांबराचा लेप पृष्ठभागापुरताच राहतो. तो खरवडला गेला की कृमीला वाट मिळते. याउलट, जॉन बेथेल यांनी १८३८ मध्ये पेटंट घेतलेल्या पद्धतीत बंद टाकीत निर्वात करून दाबाखाली द्रव्य खोलवर भरले जाते. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेतील सोंती कामेसन यांनी १९३३ मध्ये तांबे, क्रोमियम व आर्सेनिक यांचे मिश्रण शोधले. ते लाकडात घट्ट बसते. मात्र आर्सेनिक विषारी असल्याने अमेरिकेत २००३ अखेर घरगुती वापराच्या लाकडासाठी ते थांबविण्यात आले. बोरॉनची द्रव्ये तुलनेने सौम्य, परंतु पाण्यात धुऊन जाणारी असल्याने होडीच्या तळाला निरुपयोगी ठरतात.

निष्कर्ष :
तळाच्या फळ्यांतून रसकाष्ठ वगळावे अथवा त्यावर दाबाची प्रक्रिया करावी. प्रक्रियेपूर्वी लाकूड पुरेसे वाळवावे आणि कापणे, भोके पाडणे ही कामे आधीच उरकावीत. नंतरच्या प्रत्येक छेदाने आतले असंरक्षित लाकूड उघडे पडते. आर्सेनिकयुक्त लाकडाचे तुकडे चुलीत कदापि जाळू नयेत. लाकडाची योग्य निवड हेच परिरक्षणाचे पहिले पाऊल होय.