तीन पोरं, एक पहाडी आणि मधात सुटलेली एक

चामोर्शीवरून बोलतोय. आजचा भाग खास त्यांच्यासाठी, ज्यांना घरात हमखास सांगितलं जातं, "तू मोबाईलवर बघून ठेव ना, कुठं जायचं ते." म्हणजे मामा, काका, मावशी, आत्या आणि घरातली मोठी भावंडं. ऐकायला वेळ नसेल तर हे वाचून काढा. बोललो तसंच ठेवलंय, फक्त मधले "अं... म्हणजे" काढून टाकले.

विषय असा: घरात तीन वर्षांचं पोर आहे, आठ वर्षांचं आहे आणि तेरा वर्षांचंही आहे. सगळ्यांना घेऊन पहाडीवर जायचंय. बेत कसा आखायचा?

आधी आमची फजिती सांगतो. फजिती म्हणतोय, पण त्या दिवशी हसायला कोणालाच आलं नव्हतं.

ताईची तीन पोरं. मोठा १३ वर्षांचा, मधली ८ ची, धाकटा ३ चा. डिसेंबरात ठरलं, नागभीड तालुक्यातल्या पेरजागडला जायचं. तीच ती, सात बहिणींची पहाडी. चामोर्शीवरून हरणघाटचा पूल ओलांडून मूल, मग सिंदेवाही, तळोधी. दोनेक तास धरा. भाऊजींना सुट्टी नव्हती, म्हणून मोठी माणसं दोनच, मी आणि ताई. सातला निघायचं ठरलेलं, निघालो साडेनऊला. चढायला लागलो तेव्हा बारा वाजत आलेले.

मोठा पळत सुटला. मी त्याच्या मागं. ताई धाकट्याला कडेवर घेऊन हळूहळू येत होती. मधली आधी माझ्यासोबत होती, मग म्हणाली, "मामा, मी आईसोबत येते." मी म्हणालो, "जा." नेमकं त्याच वेळी ताई धाकट्याला सू करायला बाजूला घेऊन गेली होती. ताईला वाटलं मधली माझ्यासोबत आहे, मला वाटलं ती ताईसोबत आहे. वर भेटलो तेव्हा दोघांनीही एकदमच विचारलं, "मधली कुठंय?"

मोबाईलला एक दांडी नेटवर्क नाही. धाकटा आणि मोठा ताईजवळ ठेवून मी खाली पळालो. वीस मिनिटं लागली. ती सापडली एका फाट्यापाशी, गुरांच्या पायवाटेवर. सरपणाचा भारा घेऊन जाणाऱ्या एका आजींनी तिला एकटी पाहिलं आणि भारा खाली ठेवून तिच्याजवळ बसून राहिल्या. मला म्हणाल्या, "पोरगी मधात सुटली तुमची. इकडं अस्वल हाये, बापा." मधली रडली नाही. एवढंच म्हणाली, "मामा, मी हाक मारली होती."

गाडीत ताई घर येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. त्यानंतर मी जे वाचलं, लोकांना विचारलं आणि पुढच्या खेपांना करून पाहिलं, ते सांगतो.

एक: प्रत्येक पोराला एक नाव

आमची मुख्य चूक उशिरा निघणं नव्हती, ती दुसरी. मुख्य चूक ही की मधलीची जबाबदारी कोणाचीच नव्हती. धाकट्याकडे आपोआप लक्ष जातं, तो कडेवरच असतो. मोठा पुढं पळतो, म्हणून त्याच्या मागं कोणीतरी धावतं. सात ते दहा वर्षांचं पोर मात्र शहाण्यासारखं चालतं, तक्रार करत नाही, आणि तेच नजरेतून सुटतं.

म्हणून निघायच्या आधी घरीच ठरवायचं: कोणतं पोर कोणाचं. पोरालाही सांगायचं, "आज तू मामाची." अदलाबदल करायची असेल तर दोन्ही मोठ्यांनी थांबून, एकमेकांकडे बघून, तोंडानं म्हणायचं, "आता ही तुझ्याकडे." वाटेत "जा आईकडे" म्हणून पाठवायचं नाही. पोरं तीन असतील तर मोठी माणसं तीन हवीत. आणि १३ वर्षांचा पोरगा मोठ्या माणसांत मोजायचा नाही, त्याला कितीही वाटत असलं तरी.

दुसरी गोष्ट, प्रत्येक फाट्यावर सगळ्यांनी थांबायचं. शेवटचा माणूस येईपर्यंत पुढचा हलणार नाही. हे मोठ्याला काम म्हणून द्या: "फाटा दिसला की तू उभा राहायचं." पुढं जायची हौसही फिटते आणि तो उपयोगीही पडतो. मधलीच्या गळ्यात शिट्टी बांधा. हरवलं तर चालत राहायचं नाही, तिथंच बसायचं आणि तीनदा शिट्टी वाजवायची, हे घरीच दोन-तीनदा खेळून घ्या. हाकेपेक्षा शिट्टी लांब जाते आणि घसाही बसत नाही.

दोन: वेळेचं गणित

विल्यम नाइस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक साधा हिशोब दिला, तो आजही वापरतात. सपाट ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. समजा वाट ३ किलोमीटरची आहे आणि चढ १५० मीटरचा. चालायचे ३६ मिनिटं, चढायचे १५ मिनिटं, म्हणजे ५१ मिनिटं. पण हा हिशोब धडधाकट माणसाचा आहे. आठ वर्षांच्या पोरासोबत आम्हाला दुप्पट लागतो. तीन वर्षांचं पोर स्वतःच्या पायांनी चालत असेल तर हिशोब सोडूनच द्या. त्याला प्रत्येक मुंगी बघायची असते, आणि त्यासाठीच तर ते आलेलं असतं.

आता आपल्याकडची एक खास गोष्ट. ट्रेकचे बहुतेक व्हिडिओ सह्याद्रीतले, मुंबई-पुण्याकडचे. घड्याळ सगळ्या देशाचं एकच, पण आपण मुंबईच्या बरेच पूर्वेला आहोत, जवळपास ७ रेखांश. एका रेखांशाला ४ मिनिटं धरली तर आपल्याकडे सूर्य जवळजवळ अर्धा तास आधी मावळतो. डिसेंबरात मुंबईत सहाला उजेड असतो, आपल्याकडे साडेपाचनंतर लगेच सूर्य जातो. व्हिडिओत "पाचला उतरायला सुरुवात केली" ऐकून तसंच केलंत तर जंगलात अंधार होईल.

म्हणून आम्ही परतीची वेळ ठरवतो: दुपारी बारा. माथा आला असो वा नसो, बाराला मागं फिरायचं. धाकट्याची झोपेची वेळ एकची, तेव्हा तो गाडीत किंवा सावलीत असला पाहिजे. झोपेला आलेलं तीन वर्षांचं पोर उचलून उतरणं म्हणजे पुढं पोतं बांधून उतरणं. पायाखालचं दिसत नाही, टोंगळे बोलायला लागतात.

तीन: ऊन, पाणी, शिदोरी

मोठ्या माणसापेक्षा लहान पोराचं अंग उन्हात लवकर तापतं. वजनाच्या मानानं त्याच्या कातडीचा पसारा जास्त आणि घाम कमी. वर खेळण्याच्या नादात पाणी मागत नाही. म्हणून तहान लागायची वाट बघू नका, दर वीस मिनिटांनी दोन-चार घोट पाजा. लघवी पिवळी गडद दिसली, पोर चिडचिडं किंवा एकदम गप्प झालं, तर सावली बघा आणि थांबा.

ओआरएसची पाकिटं ठेवा. नसतील तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. मीठ अंदाजानं जास्त घालायचं नाही, लहानांना त्रास होतो.

खायला फार थाटमाट नको. गूळ-फुटाणे, मुरमुरे, केळी, उकडलेली रताळी. तीन वर्षांच्या पोराला मात्र अख्खे फुटाणे किंवा शेंगदाणे चालता चालता देऊ नका, ठसका लागून घशात अडकतात. प्रत्येकाला डोक्याला दुपट्टा हवाच.

ओझ्याचंही बघा. शाळेच्या दप्तरासाठी २०२० च्या धोरणात मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांची मर्यादा सांगितली आहे. तोच हिशोब इथं लावा. मोठा ३५ किलोचा असेल तर त्याच्या पाठीवर साडेतीन किलो, त्याहून जास्त नाही.

चार: आपलं जंगल म्हणजे बगिचा नाही

हे घाबरवायला सांगत नाही. इथं राहणाऱ्यांना वाघ, अस्वल काय असतं ते माहीत आहे, पण पिकनिकच्या मूडमध्ये आपण विसरतो.

पहाटे आणि संध्याकाळी जंगलात थांबायचं नाही. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं पडतात, तेव्हा झाडाखाली माणसंही असतात आणि अस्वलंही. मे महिन्यात आपल्याकडचा पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा पोरांना घेऊन पहाडी नकोच. पावसाळ्यात दगड निसरडे, वीज, डास आणि मलेरिया. मग उरतात नोव्हेंबरचा मध्य ते जानेवारीअखेर. दिवाळीनंतरची थंडी म्हणजे आपला खरा हंगाम.

संडासला कोणीही एकट्यानं झाडीत जायचं नाही, मोठ्यानंही नाही. लाज वाटत असेल तर पाठ करून उभे राहा, पण जवळ राहा.

सगळ्यात जास्त सांभाळायचं ते आग्या मोहळाला. कड्यांवर, मोठ्या झाडांवर असतं. धूर, तीव्र वासाचं अत्तर, दगड मारणं, आरडाओरडा यांनी माशा उठतात. माशा उठल्या तर हात हलवत उभं राहायचं नाही, तोंड झाकून लांब पळायचं आणि गाडीत किंवा बंद खोलीत शिरायचं. पाण्यात उडी मारायची नाही. आता विचार करा, तीन वर्षांचं पोर पळू शकतं का? नाही. म्हणून वर मोहळ दिसलं की धाकट्याला घेतलेल्या माणसानं तिथूनच परत फिरायचं. यात वाद नाही.

साप चावला तर कापायचं नाही, करकचून बांधायचं नाही. पोराला न हलवता उचलून सरळ दवाखाना. १०८ रुग्णवाहिका, ११२ मदतीसाठी, वनविभागाचा १९२६. पण नेटवर्क नसेल तर हे नंबर तुमच्या खिशातच राहतील. म्हणून घरी कागदावर लिहून ठेवा: कुठं जातोय, कोणत्या वाटेनं, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर शोधायला निघा. नकाशा आधीच डाउनलोड करा. अभयारण्याचा भाग असेल तर वाट उघडी आहे का, ते वनविभागात विचारूनच निघा.

पाच: जागा पायरी-पायरीनं

पहिली खेप पहाडीची नकोच. आपलं मार्कंडा जवळ आहे. इथं वैनगंगा उत्तरेकडे वळून वाहते, काठावर दगडी मंदिरांचा समूह आहे. धाकट्याला पळायला सपाट जागा, मधलीला भिंतींवरचे हत्ती-घोडे शोधायचा खेळ. नदीत मात्र उतरायचं नाही. तीन तास तिथं काढून बघा. कोण किती चालतं, कोणाला केव्हा भूक लागते, कोण कोणाशी भांडतं, सगळं कळतं.

दुसरी खेप दोन टोळ्यांची. पेरजागडच्या बाजूला घोडाझरीचा तलाव आहे. मोठा आणि मधली दोन माणसांसोबत पहाडीवर, धाकटा बाकीच्यांसोबत तलावावर. बाराला सगळे शिदोरीवर एकत्र. सगळ्यांनी सगळंच एकत्र करायला हवं, असा हट्ट सोडला की अर्धी भांडणं मिटतात.

तिसरी, मोठ्या सुट्टीतली: चिखलदरा. जवळपास ११०० मीटर उंचावर. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश तापमान उतरतं, म्हणून खालच्यापेक्षा चांगलाच गारवा. पोरांना स्वेटर घ्या. घाटात उलटी होणारं पोर असेल तर निघताना पोटभर जेवण नको. गाविलगड बघा, १८०३ मध्ये तो इंग्रजांनी घेतला. मोठ्याला तिथं इतिहासाचं पुस्तक आठवतं, धाकट्याला फक्त ढग. चालतंय की.

शेवटी

ताई पुन्हा तयार व्हायला वर्ष लागलं. या वेळी भाऊजी सोबत होते, म्हणजे मोठी माणसं तीन. सकाळी सहाला निघालो. मधली माझ्या नावावर होती. गळ्यात शिट्टी, आणि टोळीत सगळ्यांत पुढं तीच. तिच्याच चालीनं सगळे. तो जुना फाटा आला तेव्हा ती थांबली, मागं वळली आणि मोजलं, "मामा, दादा, बाबा, मी." धाकटा ताईसोबत तलावावर होता, त्याचंही नाव घेतलं. मग म्हणाली, "चला."

आम्ही माथ्यावर पोचलो नाही. बारा वाजले, फिरलो.

तर मंडळी, हा भाग घरातल्या त्या माणसाला पाठवा, ज्याच्याकडे पुढच्या सुट्टीचा बेत आहे. आणि जंगलात नेटवर्क नसतं, म्हणून निघायच्या आधीच डाउनलोड करून ठेवा. भेटू पुढच्या भागात. येतो!