हेतुशोध आणि तुलनागट

निदानपंचकात हेतूला प्रथम स्थान आहे. तथापि चिकित्सालयातील नोंदींवरून हेतू ठरविताना तुलना हटकून राहून जाते. समजा, छत्रपती संभाजीनगरातील एखाद्या वैद्यांना आम्लपित्ताच्या १०० रुग्णांपैकी ७० जण रोज ठेचा खाणारे आढळले. एवढ्याने हेतू सिद्ध होत नाही. आम्लपित्त नसलेल्यांतही ते प्रमाण तेवढेच असू शकेल (आणि मराठवाड्यात ते फार कमी असेल असे वाटत नाही!). म्हणून त्याच वयाच्या, त्याच वस्तीतील, आम्लपित्त नसलेल्या व्यक्तींनाही तोच प्रश्न विचारावा लागतो. हाच रुग्ण-नियंत्रण अभ्यास होय. १९५५ साली सांघवी, राव व खानोलकर यांनी मुंबईत कर्करोगग्रस्तांच्या व इतरांच्या सवयी अशाच ताडून तंबाखूचा मुख-घशाच्या कर्करोगाशी संबंध दाखविला. त्यासाठी कोणास तंबाखू चारून पाहावी लागली नाही.

खरी मेख तुलनागटाच्या निवडीत आहे. त्वग्रोगाचे रुग्ण घेऊ नयेत. त्यांचे तिखट-आंबट पथ्यासाठी बहुधा आधीच बंद असते, त्यामुळे ठेच्याचा दोष आहे त्याहून मोठा दिसतो. औषधालयाची विक्रीवहीही जपून वापरावी. तीत काय विकले गेले ते कळते, काय सेवन केले गेले ते नव्हे.

पुण्याजवळील ६ गावांत १९९० च्या दशकात डॉ. याज्ञिक यांच्या चमूने गर्भधारणेपूर्वीच स्त्रियांच्या नोंदी सुरू करून पुढे त्यांच्या अपत्यांचाही मागोवा घेतला. असा अनुधावन अभ्यास एकट्या वैद्याच्या आवाक्यातला नाही. मात्र केसपेपरवर लक्षणारंभाचा दिनांक आणि आहारबदलाचा दिनांक, असे दोन रकाने आजच वाढविता येतील.